हॉटेलातले मंचाव सूप घरच्या गॅसवर: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

मंचाव सूप घरी करून पाहणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. सगळे सॉस घातले, भाज्याही त्याच घातल्या, तरी नेहमीच्या हॉटेलातल्या वाडग्याची चव काही आली नाही. मग कुणीतरी सांगतो की आचाऱ्याजवळ एखादा गुप्त मसाला असतो. माझ्या अनुभवात असा मसाला नसतो. फरक पडतो तो साध्या पाण्याऐवजी वापरलेल्या स्टॉकमुळे (म्हणजे हाडांच्या किंवा भाज्यांच्या उतरवलेल्या अर्कामुळे), आचेच्या जोरामुळे, कॉर्नफ्लॉर घालण्याच्या पद्धतीमुळे आणि व्हिनेगर अगदी शेवटी घालण्याच्या शिस्तीमुळे. या लेखातील पायऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील बाजारांत सहज मिळणाऱ्या जिनसा धरून लिहिल्या आहेत. या भागातून पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या आणि भाड्याच्या खोलीत एकाच शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्या मुलामुलींनाही त्या जमतील.

या सुपाचे नाव मांचुरियाची आठवण करून देत असले, तरी त्याची घडण भारतातलीच आहे. कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का चिनी समाजाच्या स्वयंपाकातून जी भारतीय चायनीज पद्धत वाढली, तिच्याच कुटुंबातले हे सूप आहे. आले, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर हा त्याचा पाया असल्यामुळे परदेशी वस्तूंच्या शोधात फिरण्याची गरज नाही.

१. आधी नमुना घरी आणून तपासा

हॉटेलात बसून सूप पिताना भूक, गप्पा आणि वाफ यांत बारकावे निसटतात. म्हणून पहिल्या पायरीला तुम्हाला आवडणाऱ्या सुपाचे एक पार्सल घरी आणावे आणि तळलेल्या नूडल्स वेगळ्या बांधून मागाव्यात. घरी आल्यावर सूप गाळणीतून एका पातेल्यात गाळावे, गाळणीत राहिलेल्या भाज्या थोड्या पाण्याने धुऊन पांढऱ्या ताटलीत पसराव्यात आणि नीट पाहाव्यात. कोणत्या भाज्या आहेत, कोबी जास्त की गाजर, चिरण्याचा आकार केवढा, हे सर्व ताटलीतच कळते.

लसणाकडे विशेष लक्ष द्यावे. लसणाचे तुकडे तांबूस असतील तर ते आधी तेलात चांगले परतले आहेत. पांढरेच असतील तर आचाऱ्याने लसूण जेमतेम गरम करून लगेच स्टॉक ओतला आहे. या दोन पद्धतींची चव इतकी वेगळी असते की इथे चुकीचा अंदाज बांधला तर पुढे कोणत्याही सॉसने ती उणीव भरून निघत नाही.

गाळलेले सूप पुन्हा उकळी येईपर्यंत गरम करावे आणि मगच चाखावे, कारण थंड झालेले सूप अधिक दाट होते आणि त्याची चवही वेगळी लागते. पहिल्या घोटाआधी वास घ्यावा. नाकाला चटका बसला तर आंबटपणा व्हिनेगरचा आहे. तसा चटका न बसता नुसते आंबट लागले तर लिंबाची शक्यता धरावी. दाटपणा पाहण्यासाठी पळी सुपात बुडवून तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ लगेच बुजली तर सूप पातळ, काही क्षण टिकली तर मध्यम आणि तशीच राहिली तर दाट समजावे. ही सर्व निरीक्षणे कागदावर लिहून ठेवावीत, कारण शेवटच्या पायरीला त्यांचीच गरज लागणार आहे.

२. आचाऱ्याला नेमके विचारा

दुपारची गर्दी ओसरल्यानंतर आणि संध्याकाळची सुरू होण्यापूर्वी भट्टी शांत असते, तेव्हा विचारणे बरे. आपल्याकडे चायनीजच्या आचाऱ्यांपैकी कुणी कन्नड बोलतो, कुणी मराठी, तर कुणी फक्त हिंदी. "अण्णा, सूप एकदम भारी झालं होतं" अशी सुरुवात कोणत्याही भाषेत चालते. मात्र "रेसिपी सांगा" असे म्हटले तर बहुधा हसून विषय टाळला जातो. त्याऐवजी एका शब्दात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. स्टॉक भाजीचा की चिकनचा? मिरी काळी की पांढरी? मिरचीचा सॉस बाटलीतला की इथेच वाटलेला? अशा प्रश्नांना सहसा खरे उत्तर मिळते.

शाकाहारी वाचकांनी स्टॉकचा प्रश्न टाळू नये. एकाच स्वयंपाकघरात दोन्ही प्रकार होत असतील, तर व्हेज सुपात कोणता स्टॉक आणि कोणती स्टॉक पावडर जाते हे स्पष्ट विचारून घेतलेले बरे.

३. सामान आणि भांडी

खालील प्रमाण चार वाडग्यांचे आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मि.ली. आणि लहान चमचा म्हणजे ५ मि.ली. असे धरले आहे. घरातल्या पोह्यांच्या चमच्याचे माप दर घरी वेगळे असते, त्यामुळे मापाच्या चमच्यांचा एक संच घेऊन ठेवावा.

- स्टॉक १ लिटर
- तेल २ मोठे चमचे (शेंगदाण्याचे वासाचे तेल नको, सूर्यफुलाचे चालेल)
- बारीक चिरलेला लसूण २ मोठे चमचे, आले १ मोठा चमचा, हिरव्या मिरच्या २
- बारीक चिरलेला कोबी अर्धी वाटी. गाजर, बिनीस आणि ढबू मिरची प्रत्येकी पाव वाटी
- कांद्याची पात अर्धी वाटी, पांढरा आणि हिरवा भाग वेगवेगळा
- डार्क सोया सॉस २ मोठे चमचे, लाल मिरचीचा सॉस १ मोठा चमचा
- पांढऱ्या मिरीची पूड अर्धा लहान चमचा, साखर पाव लहान चमचा
- कॉर्नफ्लॉर ३ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा
- कोथिंबीर, मीठ, तळलेल्या नूडल्स

भांड्यांत एक लोखंडी कढई, स्टीलचे एक जाड बुडाचे पातेले, बारीक गाळणी आणि धारदार सुरी एवढे पुरते.

खरेदी करताना दोन ठिकाणी सावध राहावे. पहिली जागा कॉर्नफ्लॉरची. दुकानात नुसते "मक्याचे पीठ" मागितले तर गिरणीत दळलेले पिवळे पीठ हातात पडू शकते. त्याने सूप खळीसारखे चमकदार न होता आंबिलीसारखे गढूळ आणि किंचित रवाळ होते. आपल्याला हवे ते पांढरेशुभ्र, बोटांत चुरचुरणारे मक्याचे स्टार्च. आरारूटही त्याऐवजी वापरू नये, कारण त्याने सूप तारेसारखे ओढले जाते.

दुसरी जागा व्हिनेगरची. स्वयंपाकाच्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के ॲसेटिक आम्ल असते. काही ठिकाणी तीव्र ॲसेटिक ॲसिड सुट्या बाटलीत स्वस्तात मिळते आणि "पाणी घालून वापरा" असे सांगितले जाते. ते अजिबात घेऊ नये. त्याने त्वचा आणि घसा भाजू शकतो, आणि चमच्याच्या अंदाजाने ते पातळ करणे ही घरी करण्याची गोष्ट नाही.

पांढरी मिरी बेळगावात रविवार पेठेतल्या किराणा दुकानांत अख्खी मागून पाहावी आणि घरी कुटावी. हॉटेलच्या सुपात तिखट लागते पण मिरचीचे लागत नाही, असे जे वाटते त्यामागे बहुतेक वेळा हीच असते.

४. स्टॉक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ज्या घरांत मटणाचे अळणी पाणी बाजूला काढून ठेवण्याची रीत आहे, त्यांना स्टॉकची कल्पना नव्याने समजावून सांगायला नको. मांस, हाडे किंवा भाज्या मंद शिजवून त्यांचा उतरलेला अर्क, एवढाच त्याचा अर्थ आहे. फरक इतकाच की या स्टॉकमध्ये हळद, गरम मसाला किंवा मीठ यांपैकी काहीही जात नाही. मीठ न घालण्याचे कारण असे की पुढे सोया सॉस येतो, तो स्वतःच खूप खारट असतो, आणि आधी मीठ घातलेला स्टॉक नंतर हाताबाहेर जातो.

चिकनच्या स्टॉकसाठी दुकानदाराकडून मान आणि पाठीची हाडे अर्धा किलो मागून घ्यावीत. ती धुऊन दीड लिटर थंड पाण्यात घालावीत आणि मध्यम आचेवर ठेवावीत. पाणी तापू लागले की वर करडा फेस जमतो, तो पळीने काढून टाकत राहावा. फेस येणे थांबले की आच मंद करावी, आल्याचा एक तुकडा आणि कांद्याच्या पातीचे पांढरे टोक घालावे आणि पाणी जेमतेम हलत राहील इतक्या आचेवर पाऊण ते एक तास ठेवावे. खळखळ उकळल्यास चरबी पाण्यात मिसळून स्टॉक गढूळ होतो. जवारी कोंबडीची हाडे असतील तर त्यांना याहून बराच जास्त वेळ लागतो. अशा वेळी कुकर लावणे सोयीचे, फक्त फेस काढल्यावरच झाकण लावावे. शेवटी गाळल्यावर साधारण एक लिटर स्टॉक मिळतो. कमी भरला तर गरम पाणी घालून लिटर पुरे करावे.

भाजीच्या स्टॉकला अर्धा तास पुरतो. एक कांदा, एक गाजर, कोबीची दोन बाहेरची पाने, कोथिंबिरीची देठे, आल्याची साल, चार मिरे आणि पाच-सहा बटण मशरूम सव्वा लिटर पाण्यात शिजवावेत. कोबीचा मोह आवरावा, कारण तो जास्त झाला किंवा फार वेळ उकळला तर स्टॉकला गंधकासारखा उग्र वास येतो. मशरूम मात्र वगळू नयेत. शाकाहारी सुपाला जो भरीवपणा लागतो तो त्यांच्यातल्या ग्लुटामेट या चव वाढवणाऱ्या नैसर्गिक घटकामुळे येतो. पावसाळ्यात खानापूरच्या जंगल भागातून येणारी रानटी अळंबी या कामाला वापरू नयेत. ओळख पटवणारे जाणते माणूस घरात नसेल तर विषबाधेचा धोका असतो.

इथेच अजिनोमोटोचा प्रश्न येतो, ज्याला काही दुकानांत टेस्टिंग पावडर म्हणतात. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या स्टॉकमधून हीच ग्लुटामेटची चव वेगळी काढली. म्हणजे ही पावडर मुळात स्टॉकच्याच चवीचा एक भाग आहे. तुमच्या आवडत्या हॉटेलात ती वापरत असतील तर एक लिटरला पाव लहान चमचा पुरते. तेवढी घातली की मीठ थोडे कमी करावे. माझे मत विचाराल तर हाडांचा स्टॉक नीट झाला असेल तेव्हा तिची उणीव भासत नाही, भाजीच्या स्टॉकला मात्र चिमूटभराने फरक पडतो.

५. भाज्या कोरड्या आणि बारीक

सर्व भाज्या मक्याच्या दाण्याहून लहान चिराव्यात, म्हणजे चमच्यात प्रत्येक घोटाबरोबर दोन-तीन प्रकार येतील. किसणीचा वापर टाळावा. किसलेले गाजर आणि कोबी पाणी सोडतात आणि सुपात विरघळून जातात. धुतलेल्या भाज्या फडक्यावर पसरून कोरड्या कराव्यात. ओल्या भाज्या गरम तेलात पडल्या की परतल्या न जाता वाफेवर शिजतात आणि तिथेच हॉटेलची चव हातातून जाते.

६. आच आणि कढई

हॉटेलची भट्टी घरच्या शेगडीच्या कित्येक पट उष्णता देते. ती आपल्याला मिळणार नाही, म्हणून भाजीचे प्रमाण कमी ठेवून तिची भरपाई करायची. चार वाडग्यांची भाजी एकदम कढईत न घालता दोन खेपांत परतावी.

परतण्यापूर्वी स्टॉक दुसऱ्या पातेल्यात गरम करून तयार ठेवावा; ज्यांच्याकडे एकच शेगडी आहे त्यांनी तो आधी उकळून झाकून ठेवावा. सर्व चिरलेले जिन्नस आणि सॉस हाताशी असावेत, कारण पुढचे काम दोन-तीन मिनिटांतच उरकते. रिकामी लोखंडी कढई मोठ्या आचेवर तापवावी, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचू लागला की तेल घालावे. तेलातून पहिली धुराची रेघ दिसताच लसूण, आले आणि हिरवी मिरची घालून सतत हलवावे. नमुन्यात लसूण तांबूस असेल तर कडा रंगेपर्यंत थांबावे, पांढरा असेल तर वास सुटताच पुढे जावे. मग पातीचा पांढरा भाग, गाजर आणि बिनीस, अर्ध्या मिनिटाने कोबी आणि ढबू मिरची. भाज्यांचा कचकचीतपणा टिकायला हवा, म्हणून एक-दीड मिनिटाच्या वर परतू नये. खिडकी उघडी ठेवावी. मिरचीचा ठसका लागतोच.

परतलेल्या भाज्या आता स्टीलच्या पातेल्यातल्या गरम स्टॉकमध्ये ओताव्यात. लोखंडी कढईतच पुढचे सूप केले तर आंबट पदार्थांमुळे त्याला लोखंडाचा वास लागतो.

७. सॉस

स्टॉकला उकळी आली की सोया सॉस, लाल मिरचीचा सॉस, पांढरी मिरी आणि साखर घालावी. त्यानंतरच चाखून मीठ घालावे, आणि तेही निम्मेच, कारण व्हिनेगर पडल्यावर खारटपणा वेगळा भासतो.

बाटलीतला मिरचीचा सॉस नको असेल तर सहा ब्याडगी आणि एक संकेश्वरी मिरची गरम पाण्यात अर्धा तास भिजवून चार लसूण पाकळ्या, चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घालून वाटावे व गाळावे. ब्याडगीने रंग येतो, संकेश्वरीने तिखटपणा. हॉटेलचा लालभडक रंग कधी कधी खाण्याच्या रंगाचा असतो, त्यामुळे रंग तंतोतंत जुळवण्याच्या नादी लागू नये.

८. कॉर्नफ्लॉर: इथे घाई केली की गुठळ्या

कॉर्नफ्लॉर नेहमी थंड पाण्यात कालवावे. गरम सुपात कोरडी पूड टाकली तर प्रत्येक गोळ्याचे बाहेरचे आवरण लगेच फुगते आणि आतली पूड कोरडीच अडकून राहते. मग कितीही ढवळले तरी गुठळी मोडत नाही. तीन मोठ्या चमच्यांना अर्धी वाटी थंड पाणी पुरते. कालवलेले मिश्रण उभे राहिले की पूड तळाशी बसते, म्हणून ओतण्याच्या क्षणी पुन्हा एकदा ढवळावे.

सूप उकळत असताना एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने बारीक धार सोडावी. सगळे मिश्रण एकदम ओतू नये. एक तृतीयांश घालावे, अर्धा मिनिट थांबावे, पळीच्या पाठीवर रेघ ओढून पाहावी आणि मग पुढचे घालावे. मक्याचे स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुगू लागते, पण पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ पोहोचल्यावरच येतो. हे माहीत नसलेले नवशिके दाट झाले नाही म्हणून आणखी कॉर्नफ्लॉर घालत जातात आणि पाच मिनिटांनी पातेल्यात खळ तयार होते. हवा तो दाटपणा आल्यावर एक-दोन मिनिटे उकळू द्यावे, म्हणजे कच्ची पिठूळ चव जाते. त्यापुढे मात्र फार वेळ उकळत आणि जोराने ढवळत ठेवल्यास फुगलेले कण फुटून सूप पुन्हा पातळ होते. जेवायला बसेपर्यंत ते थोडे दाट होणारच, त्यामुळे गॅसवर असताना ते नमुन्यापेक्षा किंचित पातळ राहिलेले बरे.

९. व्हिनेगर, पात आणि नूडल्स

गॅस बंद केल्यावर व्हिनेगर घालावे. आधी घातले तर त्याचा वास वाफेबरोबर उडतो आणि आम्लामुळे स्टार्चचा दाटपणाही कमी होतो. त्यावर पातीचा हिरवा भाग आणि कोथिंबीर.

तळलेल्या नूडल्ससाठी हक्का नूडल्स नव्वद टक्के शिजवून थंड पाण्याने धुवाव्यात, चाळणीत निथळून फडक्यावर पूर्ण कोरड्या कराव्यात, वर थोडे कॉर्नफ्लॉर भुरभुरावे आणि थोड्या थोड्या करून गरम तेलात तळाव्यात. त्या वाडग्यात सूप वाढल्यावरच घालाव्यात.

१०. नमुन्याशी जुळवणी

पहिल्या वेळी चव जवळपास येते, तंतोतंत नाही. शक्य असल्यास पुन्हा एक पार्सल आणून दोन्ही सुपे सारखीच गरम करून शेजारी ठेवावीत आणि पहिल्या पायरीचा कागद समोर घ्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सोया सॉस आणि मिरी दोन्ही एकदम वाढवले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पातेल्यात प्रयोग न करता वाटीभर सूप बाजूला काढून त्यात थेंबाथेंबाने बदल करावा.

चव पोकळ लागली तर स्टॉक कमी पडला आहे, सॉस वाढवून उपयोग नाही. रंग काळा पण चव बोथट असेल तर सोया सॉस जास्त झाला आहे. पुढच्या वेळी तो कमी करून मीठ घालावे. आंबटपणा टोचत असेल तर चिमूटभर साखर. सगळे जुळूनही "हॉटेलसारखे" वाटत नसेल तर कढई पुरेशी तापली नव्हती, असे समजून एका खेपेची भाजी आणखी कमी करावी.

उरलेल्या सुपाविषयी

कॉर्नफ्लॉर घातलेले सूप फ्रीझरमध्ये ठेवू नये. वितळल्यावर त्यातून पाणी सुटते आणि पोत बिघडतो. फ्रीजमध्ये ते एक दिवस ठेवता येईल, गरम करताना थोडा स्टॉक घालून उकळावे. साठवायचा असेल तर स्टॉकच साठवावा. तो थंड पाण्यात पातेले ठेवून लवकर गार करावा, फ्रीजमध्ये तीन दिवसांत संपवावा किंवा बर्फाच्या साच्यात गोठवावा. साच्याच्या एका घरात साधारण दोन मोठे चमचे स्टॉक मावतो, त्यामुळे खोलीवर एकट्यापुरते वाडगाभर सूप करायचे असेल तर आठ-नऊ घरे काढली की पाव लिटरचे काम होते, आणि कॉर्नफ्लॉर पाऊण मोठा चमचा पुरते.